लेन बदलताना शेजारची गाडी आरशात दिसत नाही: माझा अनुभव

लक्षण असं: मागून येणारी गाडी मधल्या आरशातून नाहीशी होते, बाजूच्या आरशात येतच नाही आणि इंडिकेटर दिल्यावर थेट हॉर्न ऐकू येतो.

आधी बाजूच्या आरशांवर छोटे गोल बहिर्वक्र आरसे चिकटवले. दिसतं भरपूर, पण इतकं बारीक की अंतराचा अंदाज येत नाही. मग मागे कॅमेरा बसवला. तो रिव्हर्स गिअर टाकल्यावरच चालू होतो, त्यामुळे लेन बदलताना उपयोग शून्य. जाम वैतागलो.

उपाय आरशांच्या कोनातच होता. गाडी सपाट जागी उभी करून सीट नेहमीसारखी लावा. मधला आरसा असा ठेवा की मागची काच पूर्ण दिसेल. आता डोकं ड्रायव्हरच्या खिडकीला जवळजवळ टेकवा आणि त्या बाजूचा आरसा बाहेर वळवत न्या, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. नंतर डोकं दोन्ही सीटच्या मधोमध आणून पलीकडचा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसेनाशी होते. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं, तरी आरसे परत आत घेऊ नका.

तपासणी: ओव्हरटेक करणारी गाडी मधल्या आरशातून सुटण्याआधी बाजूच्या आरशात यायला हवी आणि तिथून सुटण्याआधी डोळ्याच्या कडेला. मोटारसायकल तरीही निसटू शकते, म्हणून मान वळवून बघणं चालूच ठेवलंय. कॅमेराही काढला नाही. बंपरच्या लगत, काचेच्या पातळीखाली जे असतं ते त्यालाच दिसतं.