पळपुट्या ताऱ्यांचा माग काढताना या चुका टाळा

"सर, रेषा तर बरोब्बर गुच्छातून जाऊन राहिली. मग हेच त्याचं माहेर ना?" नागपुरात धरमपेठेत आम्ही जमतो तिथे एका मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गाया या अवकाश दुर्बिणीच्या आकड्यांवरून एका पळपुट्या ताऱ्याचा, म्हणजे जन्मलेल्या तारकागुच्छातून वेगाने बाहेर फेकला गेलेल्या ताऱ्याचा, मागचा रस्ता तिने नीट आखला होता, आणि गुच्छ त्या रस्त्यावरच होता. पण ती गुच्छाची आजची जागा.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गुच्छही पळत असतो. सेकंदाला १ किलोमीटर वेग म्हणजे दहा लाख वर्षांत साधारण १ पार्सेक (सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). तेव्हा १० किलोमीटर वेगाचा गुच्छ २५ लाख वर्षांपूर्वी २५ पार्सेक दूर होता, आणि त्याचा स्वतःचा व्यास बहुधा काही पार्सेकच असतो. ताऱ्याच्या वेगातून गुच्छाचा वेग आधी वजा करा, मगच मागे जा. तेही सपाट नकाशावर नको. सारथी तारकासमूहातला एई ऑरिगी हा पळपुटा तारा मृगातल्या आपल्या उगमापासून आज सुमारे ४० अंश दूर आहे. एवढ्या अंतरात आकाशाची वक्रता दगा देते. स्थान आणि वेग त्रिमितीत बदलून घ्या.

त्रिमितीसाठी अंतर लागतं, आणि तिथे दुसरा घोळ होतो. पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा जेवढी सरकलेली दिसते तो कोन, त्यावरून अंतर निघतं) १ मिलिआर्कसेकंद आणि त्रुटी ०.१ असेल, तर १००० पार्सेकवर १०० पार्सेकची अनिश्चितता आली. एकच रेषा ओढून निकाल देऊ नका. त्रुटींच्या मर्यादेत आकडे हलवून हजारो रस्ते काढा आणि किती रस्ते गुच्छाजवळून जातात ते मोजा. रुवी (RUWE, गायाची मोजणी एकट्या ताऱ्याच्या गणिताशी किती जुळते ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर असेल तर त्या ताऱ्याच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. बहुतेकदा तिथे जोडतारा (एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे) लपलेला असतो.

विषुवांशातल्या (आकाशातल्या पूर्व-पश्चिम दिशेतल्या) निजगतीला, म्हणजे ताऱ्याच्या आकाशातल्या सरकण्याच्या वेगाला, पुन्हा क्रांतीच्या (आकाशातल्या अक्षांशाच्या) कोसाइनने गुणू नका, गायाने ते आधीच केलेलं असतं. शर्मिष्ठेजवळ, ६० अंश क्रांतीवर, या चुकीने तो आकडा थेट निम्मा होतो.

दृष्टिरेषेतल्या वेगाबद्दल, म्हणजे तारा आपल्याकडे येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या वेगाबद्दल, मात्र जरा थांबून सांगतो. पळपुटे तारे बहुधा ओ आणि बी प्रकारचे, म्हणजे फार तापलेले निळसर तारे, आणि ओ ताऱ्यांसाठी हा वेग गायाकडून मिळत नाही. जुन्या वर्णपट-नोंदी शोधाव्या लागतात. तारा जोडतारा असेल तर एका रात्रीचं मोजमाप फसवं निघतं. अनेक रात्रींचे वेग जुळवून जोडीचा सरासरी वेग काढा.

उड्डाणाचा काळ, म्हणजे ताऱ्याने गुच्छ सोडल्यापासूनचा काळ, गुच्छाच्या वयापेक्षा जास्त निघाला, तर तो गुच्छ यादीतून काढा.

मागचा रस्ता काढणारा आपला कोड आधी ओळखीच्या जोडीवर चालवून पाहा. एई ऑरिगी आणि कपोतातला म्यू कोलंबी हे दोघे एकमेकांच्या उलट दिशेने, प्रत्येकी सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने सुटलेत, हे खगोलशास्त्रज्ञ ब्लाऊ आणि मॉर्गन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. उत्तर साधारण २५ लाख वर्षांपूर्वी, मृगाच्या परिसरात यायला हवं. जानेवारीत नागपूरहून म्यू कोलंबी दक्षिणेला सुमारे ३६ अंशांवर येतो. रामटेककडच्या अंधारात दुर्बिणीने सहज सापडतो.

त्या मुलीने गुच्छाचा वेग वजा केला, तेव्हा रेषा सरकली आणि गुच्छ बाजूला राहिला. आता ती शेजारचा गुच्छ तपासते आहे.