सातपुड्यात फिल्डवर्कला जाताय? डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका

एमएसडब्ल्यू किंवा एमए समाजशास्त्राला असाल आणि 'आदिवासी परंपरा व सामाजिक बदल' असा विषय घेतला असेल तर हे वाचून मग निघा. प्रश्नावली, सॅम्पल वगैरे तुम्हाला येतंच, त्यावर बोलत नाही. मी शिरपूर बाजूचा, घरात अहिराणी, त्यामुळे वाटायचं नंदुरबारचं धडगाव-अक्कलकुवा म्हणजे आपलंच. पण तिथली पावरी बोली कानावर पडली आणि कळलं की अहिराणीने काही भागत नाही.

मी कुठे फसलो ते सांगतो. विषय ऑगस्टात मंजूर झाला, सेमिस्टरची परीक्षा संपली आणि जानेवारीत मोलगीकडच्या एका पाड्यावर गेलो. घरोघरी म्हातारी माणसं, लहान पोरं, शेळ्या. कितीतरी दारं बंद. एका घरात ढोल टांगलेला होता, विचारलं आता कोण वाजवतं, तर आजोबा म्हणाले "पोरं नाहीत". मी वहीत लिहिलं, तरुण पिढीला परंपरेत रस उरलेला नाही. त्यावर अख्खं चॅप्टर उभं केलं, मोबाईल, शिक्षण, आधुनिकीकरण, सगळी थिअरी बरोब्बर बसली. आणि ते चॅप्टर साफ चुकीचं होतं.

पोरं ऊसतोडीला गेली होती! पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम (मजूर गोळा करणारा) उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती नवरा-बायकोच्या जोडीवर असते, त्या जोडीलाच कोयता म्हणतात, आणि दिवाळी झाली की ट्रक भरून गुजरातला नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात. आजोबा 'पोरं नाहीत' म्हणाले होते, 'पोरांना नको' असं म्हणालेच नव्हते, ते मी घातलं. आता बघा, आपलं कॉलेजचं कॅलेंडर असं आहे की फिल्डला सवड मिळते ती नेमकी गावं रिकामी असतात तेव्हाच. म्हणजे दरवर्षी नवा विद्यार्थी तेच रिकामं गाव बघणार आणि 'परंपरा लोप पावतेय' लिहिणार.

हे होळीला काठी गावाला गेलो तेव्हा कळलं. राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल. त्याच पाड्यावरची पोरं कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, डोक्याला मोरपिसं लावून नाचत होती, बावा-बुध्या (होळीतली नवसाची सोंगं) झालेली. त्यांनी पाळणी केलेली, म्हणजे खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल नाही. एकजण म्हणाला मुकादमाशी भांडून आलोय, होळी सोडून कसं चालेल.

सबमिशनला महिना राहिला होता. गाईड म्हणाले राहू दे, कोण एवढं बघतंय. असा गाईड मिळाला तर मान द्या पण त्याचं ऐकू नका, माझं स्पष्ट मत आहे. जुन्या थिसिसमधून उतरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, चुका अशाच वीस वीस वर्षं पुढे जातात. त्यापेक्षा पाड्यावरची आशाताई (आरोग्याचं काम करणारी आशा कार्यकर्ती) गाठा, कोण कधी गेलं कधी आलं तिला पाठ असतं.

देजचंही तसंच. देज म्हणजे हुंडा नाही, इथे मुलाकडचे मुलीकडे देतात. दक्षिण आफ्रिकेत लोबोला असाच दिला जातो, आणि तिथे 1998 च्या कायद्याने पारंपरिक लग्नांना मान्यता दिली. म्हणजे बदल झाला की प्रथा मरतेच असं नाही. आणि बदल बाहेरूनच येतो हेही डोक्यातून काढा. 1930 च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांनी दारू सोडायला सांगितली, लोक एकमेकांना 'आप की जय' म्हणायला लागले. 1970 च्या दशकात शहाद्याकडे आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. आणि त्याच सातपुड्यात आजही पूजेला मोहाच्या दारूची धार लागते. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा.

घाबरू नका, चॅप्टर परत लिहिता येतं, मी तीन आठवड्यांत लिहिलं, झोप गेली पण झालं. फक्त होळीच्या आठवडाभर आधी भोंगऱ्या बाजाराला पोचा (त्याला बायको निवडायचा बाजार म्हणू नका, लोक चिडतात आणि बरोबर चिडतात, तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे). मग जूनमध्ये पेरणीला पुन्हा जा, तेव्हा बरीचशी माणसं घरी असतात, आणि बंद दार दिसलं तर शेजारी आधी एवढंच विचारा, कुठे गेलेत आणि कधी येणार.