पेपर कुणाचा? तालुक्याच्या दैनिकाची मालकी आणि नियंत्रण मार्क्सवादी नजरेने कसं तपासावं

नियोजित तेल रिफायनरीची बातमी छापून आली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापुरात टपरीवरचा शेरा ठरलेला: "पेपर विकला गेला." शेरा खरा असेल किंवा नसेल, पण ते विश्लेषण नव्हे. कुणी, कशाच्या बदल्यात, नेमकं काय विकलं हे कागदावर दाखवता आलं तर ते विश्लेषण. खालचं काम वाचनालयात बसून तीन-चार जणांच्या गटाला महिन्याभरात जमतं. लागतात एका दैनिकाचे सलग 30 अंक, फूटपट्टी, इंटरनेट आणि एक वही.

वहीतले दोन रकाने

ज्या वर्गाच्या हाती भौतिक उत्पादनाची साधनं, त्याच्याच हाती विचारांच्या उत्पादनाचीही साधनं असतात, ही मार्क्स आणि एंगेल्सची 1845-46 मधली मांडणी. तिच्या पुढे मार्क्सवाद्यांमध्येच भांडण आहे. राल्फ मिलिबँडचा भर (1969) माणसांवर: मालक, मंत्री, बडे अधिकारी एकाच वर्तुळातले. निकोस पुलांझासचं म्हणणं, माणसं बदला, रचना तीच राहिली तर निकाल फारसा बदलत नाही. अँतोनियो ग्राम्शी आणखी पुढचं विचारतो: लोक हे सगळं राजीखुशीने मान्य का करतात?

वाद सोडवत बसू नका. माध्यमांचा अभ्यासक ग्रॅहॅम मर्डॉकने 1982 मध्ये केलेली विभागणी वहीला पुरते. एका रकान्यात वाटपाचं नियंत्रण: भांडवल कुठे घालायचं, आवृत्ती काढायची की बंद करायची, संपादक कोण. दुसऱ्यात रोजच्या कामाचं नियंत्रण: आज पान एकवर काय, कुणाला फोन लावायचा. प्रत्येक पुरावा कुठल्या रकान्यात बसतो ते आधी ठरवा, मग लिहा.

मालकी: कागद कुठे मिळतो

सुरुवात अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळापासून करा. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचं ठिकाण त्या बारीक ओळींत असतं. मग 2024 च्या आधीच्या एखाद्या वर्षाचा मार्चच्या सुरुवातीचा अंक काढा. फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म 4, नियम 8' या मथळ्याखाली मालकीचं निवेदन छापणं बंधनकारक होतं, आणि त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची व भागधारकांची नावं द्यावी लागत. वृत्तपत्र नोंदणीचा 1867 चा जुना कायदा जाऊन नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला, म्हणून शोध जुन्या अंकांपासून सुरू करणं सोपं.

निवेदनात कंपनीचं नाव निघालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जा. कंपनीचा ओळख क्रमांक 21 अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. एल असेल तर दर तिमाहीचा भागधारणा तक्ता बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. यू असेल तर 100 रुपये भरून सार्वजनिक कागदपत्रं उघडा आणि वार्षिक विवरण बघा (एमजीटी-7, छोट्या कंपनीसाठी 7ए). भागधारकांची यादी त्याच्यासोबत असते. यादीत पुन्हा कंपनीच निघाली तर तिचंही तेच करा, माणसाचं नाव लागेपर्यंत. मालक ट्रस्ट असेल तर रस्ता धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे वळतो.

मिळालेली नावं आमदार-खासदारांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रांशी ताडून बघा. शेअर आणि कर्ज त्यात जाहीर करावं लागतं, पती-पत्नीच्या नावावरचंसुद्धा. काही ठिकाणी ही मेहनत लागतच नाही. 'सामना' शिवसेनेच्या ठाकरे गटाचं मुखपत्र, 'प्रहार' नारायण राणेंनी 2008 मध्ये सुरू केलेलं. सगळ्या कोकणाला ठाऊक. खरी मेहनत स्वतःला 'निःपक्ष' म्हणवणाऱ्या पेपरापाशी.

भागधारकांपाशी थांबू नका, तारण, बोजा आणि कर्जाच्या नोंदीही बघा. ही पायरी हमखास राहते. एनडीटीव्हीच्या संस्थापकांच्या आरआरपीआर होल्डिंगने 2009-10 मध्ये विश्वप्रधान कमर्शियल या कंपनीकडून 403.85 कोटींचं बिनव्याजी कर्ज घेतलं होतं, शेअरमध्ये बदलता येणाऱ्या वॉरंटच्या बदल्यात. ऑगस्ट 2022 मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधान घेतली, वॉरंट वटवले आणि 29.18 टक्के हिश्श्याची वाट मोकळी झाली. वर्षअखेरीस समूहाचा वाटा 64 टक्क्यांवर गेला. म्हणजे मालकी बदलण्याची किल्ली बारा वर्षं कर्जाच्या कागदात पडून होती.

जाहिरात मोजा

माध्यमांचा अभ्यासक डॅलस स्माइथने 1977 मध्ये म्हटलं की माध्यमं जाहिरातदाराला विकतात तो माल म्हणजे प्रेक्षक-वाचक. चार-पाच रुपयांच्या पेपरातून विक्रेत्याचं कमिशन वजा जाता काय उरतं याचा हिशोब केलात तर स्माइथ आपोआप पटतो.

आठ कॉलमचं, 50 सेंटिमीटर उंचीचं पान म्हणजे 400 कॉलम सेंटिमीटर. प्रत्येक जाहिरातीचे कॉलम गुणिले उंची करा आणि गट पाडा: सरकारी व टेंडर, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि शुभेच्छा, पतसंस्था व बँका, जमीन आणि बिल्डर, कंपन्या. वकिलांच्या जाहीर नोटिसा वेगळ्या ठेवा, त्यांतून मर्जी विकत घेतली जात नाही. गणपती, दिवाळी किंवा 26 जानेवारीचा आठवडा निवडलात तर शुभेच्छांनी आकडा फुगतो, म्हणून 30 अंक.

एवढ्यावर निष्कर्ष मात्र काढू नका. फेब्रुवारी 2020 मध्ये शिवसेनेचा नाणार रिफायनरीला विरोध असताना 'सामना'त रिफायनरीची जाहिरात आली, आणि जाहिरातीवरून पक्षाचं धोरण ठरत नाही असं उद्धव ठाकरे यांना सांगावं लागलं. मालकाची भूमिका आणि जाहिरात खात्याची गरज एकाच अंकात एकमेकांवर आपटतात. वहीत दोन्ही नोंदी लिहा, ओढूनताणून मेळ घालू नका.

बातमीत कोण बोलतो

एलईडी मासेमारीवरच्या (प्रखर दिव्यांनी मासे खेचून केलेल्या बेकायदा मासेमारीवरच्या) कारवाईच्या बातम्या घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे बोलणारा लिहा. साधारण साचा असा: पहिला परिच्छेद मत्स्यव्यवसाय खात्याचा, मग पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनेचा पुढारी, कधी नौकामालकाची बाजू. शेवटी जप्तीची यादी: नौका, जनरेटर, दिवे, जाळी, "तांडेलासह (नौकेच्या प्रमुखासह) इतके खलाशी". ज्याच्या अंगमेहनतीवर तो सगळा धंदा उभा आहे तो माणूस सामानाच्या ओळीत बसतो आणि वाचताना कुणाला खटकत नाही. ग्राम्शीचा मुद्दा नेमका इथे सापडतो.

यामागे मालकाचा फोन क्वचित असतो. संध्याकाळी खात्याची प्रेसनोट व्हॉट्सअॅपवर तयार येते, पान लावायची वेळ झालेली असते, खलाशी नेपाळचा आणि वार्ताहराला त्याची भाषा येत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं आणि जाहिरातीवर कमिशन. ज्याची बातमी करायची त्याच्याकडेच दिवाळीची जाहिरात मागायला जायचं असतं. ही नोंद दुसऱ्या रकान्यात. तिथेच भीतीचीही नोंद करा. बारसूच्या रिफायनरीवर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरजवळ गाडीखाली चिरडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर जमिनीच्या व्यवहारांवरच्या बातम्या किती आणि कुणाच्या नावाने येतात, हे मोजण्यासारखं आहे.

कुठे घसरतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मालकाचं नाव सापडलं की प्रत्येक बातमीत त्याचा हात दिसायला लागणं. किमान एक बातमी अशी शोधा जी मालकाच्या हिताविरुद्ध आहे, आणि ती का छापली गेली याचं कारण द्या. खप हे बहुतेक वेळा पुरेसं कारण असतं. दुसरं, आवृत्त्यांची सरमिसळ: मुंबईच्या आणि सिंधुदुर्गच्या आवृत्तीत त्याच दिवशी पान एक वेगळं असू शकतं, तेव्हा एकच आवृत्ती धरा. यूट्यूबवरच्या गावठी चॅनेलना ही पद्धत जशीच्या तशी लागत नाही, कारण मालकीचा छापील कागदच नसतो. तिथे जाहिरातदार आणि प्रायोजक मोजण्यावर भागवा.

टिपण बाहेर देताना "अमुक पेपर अमक्याच्या खिशात" असं लिहू नका. "अमुक वर्षाच्या विवरणानुसार इतके टक्के शेअर अमुक कंपनीच्या नावावर" एवढंच लिहा, कागदाची प्रत जोडा आणि छापण्याआधी संपादकाला लेखी प्रश्न पाठवून आठ दिवस उत्तराची वाट बघा. मानहानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे, आणि खटला गटाच्या नावावर नव्हे, सही करणाऱ्यावर होऊ शकतो.