अँड्रॉइडवरून आयफोनवर येताना अडकलेल्या चॅट

कामासाठी अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा लागला. कॉन्टॅक्ट, मेल, कॅलेंडर गूगल खात्यातून लगेच आले. व्हॉट्सॲप मात्र कोरं! ग्राहकांशी झालेलं सगळं बोलणं त्यातच होतं, त्यामुळे जीव कासावीस झाला.

गूगल ड्राइव्हवर बॅकअप होता, पण तो आयफोनवर उतरवता येत नाही. चॅट न्यायच्या तर जुन्या फोनवर ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप लागतं, आणि व्हॉट्सॲपसाठी आयफोन कोराकरकरीत किंवा रीसेट केलेला हवा. मी तो आधीच सुरू करून बसले होते. मग मन घट्ट करून आयफोन रीसेट केला, दोन्ही फोन चार्जिंगला लावले आणि एकाच वायफायवर घेतले. आयफोनवर आलेला कोड जुन्या फोनवर टाकला, यादीत व्हॉट्सॲप निवडलं. शेवटी आयफोनवर त्याच नंबरने लॉगिन केलं. चॅट, फोटो, व्हॉइस नोट्स सगळं आलं. कॉल हिस्ट्री तेवढी येत नाही.

जुन्या फोनवरचा डेटा आपोआप पुसला जात नाही. बँकेचं ॲप आणि ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी कोड देणाऱ्या ॲपचे) कोड नव्या फोनवर चालू झाल्याशिवाय जुना फोन कुणालाही देऊ नका. मी अजून दिलेला नाही.