मोठं हरिकेन येतंय? तयारीतल्या आणि काळजीतल्या या चुका टाळा

फ्लोरिडा, टेक्सास, लुईझियानाच्या किनारपट्टीवरच्या मराठी घरांत सणांचे दिवस आणि वादळांचे दिवस एकदमच येतात. 25 ऑगस्ट 2017 ला गणेश चतुर्थी होती आणि त्याच रात्री हार्वी हे हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं मोठं चक्रीवादळ, टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ धडकलं. 2022 चं इयन नवरात्रात आलं, 2024 चं मिल्टनही नवरात्रातच. हरिकेनचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा लांबलचक असला तरी खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. घरात पाहुणे, बरेचदा भारतातून आलेले आईवडील, मंडळाचे कार्यक्रम, मुलांच्या शाळा, आणि टीव्हीवर तो गरगर फिरणारा पांढरा भोवरा. अशा वेळी तयारी अर्धीमुर्धी होते आणि काळजी मात्र पुरेपूर केली जाते.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टॅम्पा बेच्या परिसरात राहताना त्याच त्या चुका दर मोसमात पुन्हा होताना दिसतात. बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. आपण वाऱ्याला घाबरतो, आणि जीव घेतं पाणी. अमेरिकेत 1963 ते 2012 या पन्नास वर्षांत चक्रीवादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी जवळपास निम्मे वादळाने किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याचे, म्हणजे स्टॉर्म सर्जचे होते. एक चतुर्थांशाहून अधिक पावसाच्या पुराचे. वाऱ्याचा वाटा अगदी थोडा.

चूक: कॅटेगरीचा आकडा बघून ठरवणं

"कॅटेगरी एकच आहे ना, मग बसू घरात." हे वाक्य दर वेळी कानावर येतं. एक ते पाच ही कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. ताशी 111 मैलांच्या, म्हणजे साधारण 178 किलोमीटरच्या पुढे गेलं की कॅटेगरी तीन, आणि तिथून पुढे त्याला 'मेजर' म्हणतात. पाणी किती येईल, पाऊस किती पडेल, वीज किती दिवस जाईल, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही.

जुलै 2024 मध्ये ह्यूस्टनजवळ आलेलं बेरिल कॅटेगरी एकच होतं. वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, अनेकांची आठवडाभर आली नाही, आणि ऐन उन्हाळ्यात बंद घरांतल्या उकाड्याने माणसं दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेलीन टॅम्पा बेपासून शंभर मैलांहून जास्त दूर, समुद्रातूनच उत्तरेला निघून गेलं. वारा इथे फार नव्हता. तरी रात्रीतून पाच-सात फूट सर्ज आला, आणि किनाऱ्यालगतच्या घरांत माणसं बुडून गेली. "वादळ तर लांबून जातंय" म्हणून थांबलेले त्यांत होते.

कोकणातून आलेल्यांना एक सांगावंसं वाटतं. "आम्ही निसर्ग चक्रीवादळ सोसलंय" हा धीर मोठा आहे, आणि 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगरने जे भोगलं ते कोणी लहान करू नये. पण निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटरचा होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. म्हणजे मेजर हरिकेनचा दाब त्याच्या जवळपास दुपटीपासून सुरू होतो. तो अनुभव इथे मोजमाप म्हणून वापरू नका.

चूक: नकाशावरची मधली रेघ धरून बसणं

नॅशनल हरिकेन सेंटर या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या नकाशावर पांढरा शंकू असतो. वादळाचं केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे एवढंच तो दाखवतो. वादळाचा आकार तो दाखवत नाही, पाणी कुठे येईल हेही नाही. शिवाय केंद्र शंकूच्या आत राहतं ते साधारण तीनातल्या दोन वेळा. पाच दिवस आधीच्या अंदाजात केंद्राची जागा सरासरी दोनशे मैलांच्या आसपास चुकू शकते.

इयनच्या वेळी सगळ्यांचे डोळे टॅम्पाकडे होते, कारण रेघ टॅम्पाजवळून जात होती. दक्षिणेकडचं फोर्ट मायर्स शंकूच्या कडेला होतं, पण होतं आतच. 28 सप्टेंबरला वादळ कायो कोस्टा बेटावर ताशी 150 मैलांच्या वाऱ्यासह आलं आणि फोर्ट मायर्स बीच पाण्याने धुऊन नेलं. तिथे घर सोडण्याचा आदेश आदल्या दिवशी सकाळी निघाला होता. अनेकांना तो उशिरा कळला, अनेकांना पटला नाही.

मिल्टनने उलटं केलं. टॅम्पा बेवर दहा-पंधरा फूट सर्जची भीती होती. वादळ थोडं दक्षिणेला, सिएस्टा कीला लागलं आणि खाडीतलं पाणी उलट ओसरलं. पण सेंट पीटर्सबर्गवर 18 इंचांहून जास्त पाऊस कोसळला, आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सेंट लुसी काउंटीत, वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांतून निघालेल्या टॉर्नेडोंनी माणसं मारली. रेघेपासून इतक्या लांब. म्हणून तुमच्या शंकेचं उत्तर शंकूच्या नकाशात शोधू नका. सर्जचा नकाशा वेगळा निघतो, पावसाचा वेगळा, आणि तुमच्या काउंटीच्या सूचना त्याहून वेगळ्या. त्या वाचा.

चूक: दोन झोनची गल्लत

ही आपल्या लोकांत फार दिसते, कारण घर घेताना आपण कागद नीट वाचलेले असतात. "आमचं घर एक्स झोनमध्ये आहे, पुराची भीती नाही." तो एक्स झोन कर्जाचा आणि विम्याचा. वादळात घर सोडायचं की नाही हे ठरतं इव्हॅक्युएशन झोनवरून, आणि फ्लोरिडात तो ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखतात. एकच घर विम्यासाठी एक्स आणि वादळासाठी बी असू शकतं. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की मिनिटात कळतं. ते अक्षर फ्रिजवर लिहून लावा.

ए झोनला आदेश निघाला आणि तुम्ही ए मध्ये असाल, तर वाद घालायचा नाही. निघायचं. ट्रेलर किंवा मोबाइल होममध्ये राहत असाल, तर झोन कुठलाही असो, निघायचं. घर कुठल्याच झोनमध्ये नसेल आणि पक्कं असेल, तर उगाच हायवेवर गर्दी करू नका.

चूक: फार लांब पळणं, फार उशिरा निघणं

2005 मध्ये कॅटरिनाला महिनाही झाला नव्हता आणि रीटा येतंय म्हटल्यावर ह्यूस्टनमधून लाखो माणसं एकदम निघाली. ज्यांना गरज नव्हती तेही निघाले. गाड्या तासन्‌तास जागच्या जागी, पेट्रोल संपलेलं, भर उन्हाळा. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी बस डॅलसजवळ पेटली आणि 23 जण गेले. रीटाशी जोडलेल्या मृत्यूंपैकी बहुतेक त्या पळापळीतले होते.

फ्लोरिडातले अधिकारी सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. पाण्यापासून पळायला अटलांटा गाठावं लागत नाही. वीस-तीस मैल आत, उंचावर, पक्क्या घरात राहणारे मित्र पुरतात. हा फोन जून महिन्यातच करून ठेवा: "वेळ आली तर आम्ही चौघं आणि आई तुमच्याकडे येऊ, चालेल ना?" आपल्याकडे संकोच आडवा येतो. कोणाला त्रास कशाला, हॉटेल बघू, असं म्हणता म्हणता हॉटेलं भरून जातात. समोरच्यालाही आनंदच होतो, आणि पुढच्या वेळी त्यांची पाळी असते.

निघण्याची वेळही आधी ठरवा. हरिकेन वॉच, म्हणजे धोका शक्य असल्याची सूचना, साधारण 48 तास आधी निघते, वॉर्निंग, म्हणजे धोका अपेक्षित असल्याची, 36 तास आधी. आमच्याकडे म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा ऑक्सिजनचं यंत्र असलेल्या घरांना मी सांगते, वॉच लागली की बॅगा गाडीत. आदेशाची वाट बघायची ती बॅगा गाडीत ठेवून.

चूक: कच्चा शिधा भरणं

वादळाची बातमी आली की इंडियन ग्रोसरीत वीस पौंडांच्या तांदळाच्या पिशव्या, कणिक, तूरडाळ संपते. माणसाला धीर येतो हे खरं. पण फ्लोरिडातल्या बहुतेक घरांत शेगडी विजेची. वीज गेली की कुकर चढायचा कशावर? आणि नळाचं पाणी दूषित झालं तर डाळ धुवायची कशाने?

शिजवायला न लागणारं भरा. आजीच्या प्रवासाच्या डब्यात जे असायचं तेच इथे कामाला येतं: दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू. दशम्या वादळाच्या आदल्या दिवशी, वीज असताना करून ठेवा. पातळ पोह्यांवर मेतकूट, तेल, मीठ आणि बारीक चिरलेला कांदा घातला की आग न पेटवता घरभर जेवण होतं. जोडीला डब्यातले चणे-राजमा, पीनट बटर, आणि हाताने चालणारा कॅन ओपनर. विजेचा ओपनर असलेल्या घरात डबे नुसते बघत बसावं लागतं.

पाणी माणशी रोज एक गॅलन, निदान तीन दिवसांचं, शक्य असेल तर आठवड्याचं. बाथटब भरून ठेवा, पण ते पाणी संडासात ओतायला. घरात लहान मूल असेल तर बाथरूमचं दार बंद राहील हे बघा.

फ्रिजचं दार उघडू नका. बंद राहिला तर चार तास थंड धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. घर सोडून जाणार असाल तर वाटीत बर्फ गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बुडाशी गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते अन्न टाका, पनीर महाग होतं म्हणून ठेवू नका.

भारतातून आलेल्या आईवडिलांची औषधं वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह. ती इथल्या फार्मसीत त्याच नावाने मिळत नाहीत. गोळीच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव कागदावर उतरवून घ्या.

चूक: विमा आणि कागद आयत्या वेळी

घराच्या नेहमीच्या विम्यात बाहेरून आत आलेलं पाणी धरत नाहीत. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेत तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो. म्हणजे आता नकाशावर वादळ दिसत असेल तर या वेळेपुरता तो विषय संपला. हरिकेनचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, तीही बरेचदा घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असते. तो टक्का किती, आजच बघा.

पासपोर्ट, आय-797 (व्हिसाच्या मंजुरीची नोटीस), ग्रीन कार्ड, ओसीआय कार्ड, मुलांचे जन्मदाखले पाणी न शिरणाऱ्या एका पिशवीत. त्यांचे फोटो भारतातल्या भावाबहिणीकडेही पाठवून ठेवा. भिजलेला व्हिसा पुन्हा मिळवायला लागणारे महिने छप्पर दुरुस्तीपेक्षा जास्त जिवावर येतात. मग फोन हातात घ्या आणि घरातून फिरत, प्रत्येक कपाट उघडत व्हिडिओ काढा.

चूक: काचांना टेप, गॅरेजमध्ये जनरेटर

टेपने काच वाचत नाही, फुटल्यावर तिचे मोठे धारदार तुकडे होतात. शटर किंवा प्लायवुड लावा. दाब समान करायला खिडकी किलकिली ठेवायची हाही गैरसमज. वारा आत शिरला की छप्पर उचलतो. गॅरेजचं दार नीट बंद आणि आतून पक्कं आहे ना ते बघा. अनेक घरांत पहिलं तेच जातं.

जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत लावला तरी चालत नाही, पॅटिओवर नाही, लनाईत (जाळीच्या व्हरांड्यात) नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. 2020 च्या लॉरा वादळात लुईझियानामध्ये प्रचंड सर्ज आला, तरी समुद्राच्या पाण्यापेक्षा जनरेटरच्या धुराने जास्त जीव घेतले. बॅटरीवर चालणारा डिटेक्टर घ्या. कॅम्पिंगची शेगडीही बाहेरच.

इलेक्ट्रिक गाडी किंवा मुलांची ई-स्कूटर खाऱ्या पाण्यात बुडण्याची शक्यता असेल तर ती घराजवळ ठेवू नका. अशा बॅटऱ्या पाणी ओसरल्यावर पेटल्या आहेत, काही वेळा दिवसांनी.

चूक: दिवसभर काळजीच करत बसणं

काळजी वाटणारच. घर, मुलं, नोकरीवर टांगलेला व्हिसा, सगळं एका भोवऱ्याच्या वाटेवर असताना शांत राहा म्हणणं सोपं आहे. पण दर दहा मिनिटांनी फोन उघडून काळजी कमी होत नाही, तिला खाद्य मिळतं. ग्रुपवर दहा दिवस पुढचे, हवामानाच्या मॉडेलचे रंगीत नकाशे फिरतात, कोणीतरी "कॅटेगरी सहा" लिहितं, कॅटेगरी सहा असा प्रकारच नसतो.

हरिकेन सेंटरचं मुख्य निवेदन फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी 5, 11, संध्याकाळी 5 आणि रात्री 11 ला येतं. जवळ आलं की मधल्या वेळीही. त्या वेळा धरा. निवेदन वाचा, आपल्या ठरलेल्या यादीतलं पुढचं काम करा, फोन खाली ठेवा. सकाळी 11 चं निवेदन येतं तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, रात्री 11 चं येतं तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ. पुण्या-सांगलीच्या घरी आधीच सांगून ठेवा: "बाबा, रोज सकाळ-संध्याकाळ पावणेनऊला माझा मेसेज येईल. वादळ येऊन गेल्यावर टॉवर पडले तर दोन-तीन दिवस येणार नाही, तेव्हा घाबरायचं नाही." हे आधी सांगितलेलं नसलं की तिकडे मराठी चॅनेलवर तीच तीच दृश्यं बघत दोन म्हातारी माणसं रात्रभर जागी राहतात. कुटुंबातला एकच माणूस सगळ्या नातेवाइकांना कळवेल असं ठरवा. फोनची बॅटरी वाचते.

मुलांना काम द्या. टॉर्च तपासणं, बाटल्या भरणं, प्रत्येकाची बॅग. घरी बसलेल्या आजीआजोबांनाही द्या. हातांना काम असलं की भीतीची धार बोथट होते.

चूक: वारा थांबला म्हणजे संपलं

वारा अचानक पडला आणि आभाळ उघडलं तर बहुधा तुम्ही वादळाच्या डोळ्याच्या, म्हणजे शांत केंद्राच्या, खाली आहात. काही मिनिटांत वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. बाहेर जाऊ नका.

खरंच संपल्यावरही साचलेल्या पाण्यात पाय घालू नका: तुटलेल्या तारा, सांडपाणी, उघडी गटारं. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, एक फूट पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. घरात पाणी आलं असेल तर भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो आधी काढा, बाजूला मोजपट्टी धरून, मग साफसफाई. दारात येऊन "आजच छप्पर करून देतो, इथे सही करा" म्हणणाऱ्याला राज्याच्या साइटवर लायसन्स तपासल्याशिवाय सही देऊ नका, आणि विम्याचे हक्क लिहून देणारा कागद तर अजिबात नको.