पाऊस ओसरल्यावर पाणी कधी द्यायचे? ओल नव्हे, ताण बघा

पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले की मध्यम जमीन वाफशावर येते. भारी जमिनीला जास्त दिवस लागतात. मोठ्या पोकळ्यांतले पाणी निचरून तिथे हवा शिरते आणि उरलेले पाणी बारीक पोकळ्यांत कणांना धरून राहते. इथून पुढे पाणी नुसते खाली जात नाही. कोरडी माती ओढेल तिकडे, बाजूला किंवा वरही सरकते.

अडचण अशी की जमीन सुकते तशी पाण्याची वाटच तुटत जाते. ओल निम्मी झाली म्हणजे वहन निम्मे, हा हिशेब इथे साफ चुकतो. वहन शेकडो पटींनीही घटते. म्हणूनच वीतभर अंतरावर ओल असूनही ती मुळांपर्यंत वेळेत पोचत नाही. पिकाने माना टाकायची वाट बघत बसू नका.

माती पाणी किती जोराने धरून ठेवते तो ताण मोजणारी, पाणी भरलेली नळी म्हणजे टेन्शिओमीटर. तो मुळांच्या थरात बसवा. आधी त्याचा मातीचा कप पाण्यात भिजवून घ्या, बसवताना भोवती चिखल दाबा, म्हणजे पोकळी राहणार नाही. वाचन रोज सकाळी एकाच वेळी घ्या. ढोबळमानाने हलक्या जमिनीत 20 ते 30 सेंटीबारला (हे ताणाचे एकक), भारी जमिनीत 50 ते 60 ला पाणी द्यावे. नेमका आकडा पीक आणि त्याची अवस्था बघून ठरवा. 80 च्या वर नळीत हवा शिरते, मग काट्यावर विसंबू नका.

पाण्याचा हिशेब संगणकावर करणारी मॉडेल वापरणाऱ्यांसाठी थोडे. 1931 साली मृदाशास्त्रज्ञ रिचर्ड्स यांनी मांडलेल्या, जमिनीतले पाणी कसे सरकते ते सांगणाऱ्या समीकरणावर चालणारी मॉडेल्स थरागणिक ताण आणि वहन मोजतात. साधी ॲप्स मात्र मुळांचा सगळा थर एकच टाकी धरतात. तुमच्या मातीखाली वाळू किंवा खडी असेल तर हा हिशेब फसतो: वरची बारीक माती जवळपास पूर्ण भरेपर्यंत पाणी त्या जाड थरात उतरतच नाही. कुंडीच्या तळाशी खडी घालून निचरा सुधारत नाही, तो याच कारणाने. तेव्हा ॲपवर भरवसा ठेवण्याआधी फावडे घ्या.

ठिबक बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी ड्रिपरशेजारी खणून ओलाव्याची कड कुठवर गेली ते टेपने मोजा. हलक्या जमिनीत ओलावा अरुंद आणि खोल जातो, भारीत पसरट. अरुंद दिसला तर एकदम भरपूर पाणी देण्याऐवजी थोडे थोडे, पण वरचेवर द्या. दोन ड्रिपरमधली माती तरीही कोरडीच राहत असेल तर ड्रिपर जवळ घ्यावे लागतील.