बाण चुकला म्हणून नेम बदलू नका: कोरियन धनुर्विद्येतल्या नवशिक्यांच्या चुका

कोरियाच्या पारंपरिक धनुर्विद्येला तिथे गुकगुंग म्हणतात. लक्ष्य १४५ मीटरवर, म्हणजे ऑलिंपिकच्या ७० मीटरच्या दुपटीहूनही लांब. लाकडी फळी २ मीटर रुंद, २.६७ मीटर उंच आणि १५ अंश मागे कललेली. तिच्यावर गुणांची वर्तुळं मोजत नाहीत. फळीला कुठेही लागला तर लागला, नाहीतर गेला. धनुष्यावर नेमाची काच नाही, तोल सावरणारी दांडी नाही. पाच बाणांची एक फेरी असते, तिला ‘सुन’ म्हणतात. पाचही लागले तर ‘मोल्गी’. ही कला कोरियात २०२० पासून राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

अंतर एवढं मोठं असल्यामुळे नवशिक्याची सगळ्यात महागडी चूक अगदी शहाणपणाची वाटते. बाण उजवीकडे पडला, म्हणून पुढचा जरा डावीकडे धरायचा. तो आखूड पडला, म्हणून तिसरा जरा वर. अशाने महिनाभरात नेम कुठे धरायचा तेच कळेनासं होतं, कारण मुळात नेम चुकलेला नसतोच. मुठीचा बिघडलेला पीळ किंवा सुटण्याच्या क्षणी ढिला पडलेला हात बाणाला वाट चुकवतो. मुठीत एका अंशाचा फरक पडला तर १४५ मीटरवर तो अडीच मीटरचा होतो आणि फळी आहे दोन मीटरची. म्हणून आधी हात तपासायचा. नेमाला हात लावायचा तो दहा-पंधरा बाण सतत एकाच जागी पडायला लागल्यावर.

धनुष्य जड, बाण आखूड

१४५ मीटर ऐकलं की माणूस जड, म्हणजे ओढायला जास्त जोर लागणारं, धनुष्य मागतो. ते घेऊ नका. जुन्या कोरियन धनुर्धरांचा सल्ला ‘यॉनगुंग जुंगशी’, म्हणजे मऊ धनुष्य आणि जड बाण. सुरुवातीला ओढण्याच्या सरावाला ३० ते ३५ पौंडांचा जोर पुरतो. पुढे मैदानावर बहुतेकांचं ४० ते ४५ पौंडांत भागतं. चाचणी सोपी आहे: पूर्ण ओढून मनात पाच मोजा, असं दहा वेळा करा. सहाव्या-सातव्या वेळी डावा खांदा कानाकडे चढायला लागला, तर ते धनुष्य अजून तुमचं नाही.

पहिलं धनुष्य ‘गेर्यांगगुंग’ घ्यावं, म्हणजे फायबरग्लास किंवा कार्बनचं आधुनिक. शिंग, स्नायू, बांबू आणि माशाच्या सरसाचं पारंपरिक ‘गाकगुंग’ सुंदर असतं, पण रोज निगा मागतं. पकडच बसलेली नसताना ते घेणं म्हणजे सायकल येत नसताना घोडा विकत घेणं.

बाणाच्या लांबीत मात्र काटकसर नको. बाण तुमच्या ओढीपेक्षा आखूड असेल, तर पूर्ण ओढताना त्याचं टोक मुठीच्या आत येतं. याला ‘वॉलचोक’ म्हणतात. अशा अवस्थेत सोडलेला बाण मुठीवर आपटून फुटू शकतो आणि कार्बनच्या चिरफळ्या डाव्या हातात घुसतात. पहिले काही आठवडे ओढीची लांबी वाढत जाते, म्हणून ओढीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त लांब बाण घ्या आणि टोकाकडे पाहायला शेजारी कोणाला तरी उभं करा. बाणाचं वजन तिथे ‘दोन’ नावाच्या कोरियन मापात सांगतात. एक ‘दोन’ म्हणजे ३.७५ ग्रॅम, त्यामुळे ७ ‘दोन’चा बाण साधारण २६ ग्रॅमचा होतो.

अंगठ्याची कडी

दोरी तीन बोटांनी नाही, अंगठ्याने ओढायची. एकलव्याकडे अंगठाच का मागितला असेल, हे कडी घालून दोन फेऱ्या मारल्या की नीट कळतं. या कडीला ‘काक्जी’ म्हणतात. एका प्रकारात जिभेसारखं पातं असतं, त्याला मादी कडी म्हणतात. दुसऱ्यात बाहेर आलेला खुंटा असतो, ती नर कडी.

चूक होते ती मापात. बोटातल्या अंगठीसारखी नेमकी बसणारी कडी पेऱ्याला कापते, सैल असेल तर सुटताना उडून जाते. बरोबर माप म्हणजे कडी आडवी धरून पेऱ्यावरून सरकवायची आणि मग फिरवायची. फिरवल्यावर ती ओढून निघता कामा नये. थंडीत बोट आकसतं, उन्हाळ्यात फुगतं, त्यामुळे आतून चामड्याची पातळ पट्टी लावून माप जुळवतात. अंगठ्याच्या टोकाला मुंग्या येत असतील तर कडी घट्ट आहे, सवयीने सुटेल म्हणून वाट पाहू नका.

उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला टेकतो. ओढताना तो सारखा खाली पडत असेल, तर उजवं मनगट किंचित आतल्या बाजूला वळवा. त्या वळणाने तर्जनीचं मूळ बाणाला धनुष्यावर दाबून धरतं. बोटांनी बाणाची खाच, म्हणजे दोरी बसते ती मागची चीर, चिमटीत पकडून बाण सांभाळणं हा चुकीचा उपाय आहे, कारण ती चिमूट सुटताना बाणाला झटका देते.

उभं राहणं

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण भारतात अकादमीत रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमधलं धनुष्य, शिकून आलेले हटकून चुकतात. ते लक्ष्याला खांदा देऊन आडवे उभे राहतात. गुकगुंगमध्ये पावलं ‘बिजॉंगबिपाल’, म्हणजे चिनी लिपीतल्या ‘丁’ अक्षरासारखीही नाहीत आणि ‘八’ सारखीही नाहीत. डाव्या पावलाचं टोक फळीच्या डाव्या कडेकडे, उजवं पाऊल साधारण अर्धं पाऊल मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर. छाती जवळजवळ लक्ष्याकडे. श्वास पोटात, छाती रिकामी. आडवं उभं राहून एवढी लांब ओढ घेतली की दोरी छातीला घासते.

मूठ: अर्ध्या चुका इथेच

डाव्या हाताने धनुष्य धरायचं म्हणजे काठी धरल्यासारखं मुठीत आवळायचं नसतं. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट या खालच्या तीन बोटांना ‘हासामजी’ म्हणतात. ती धनुष्याच्या मुठीवर तिरकी घसरवत घट्ट लावायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधला खोबणा मिटलेला ठेवायचा. रेटा द्यायचा तो अंगठ्याच्या मुळाजवळच्या मांसल भागाने, आणि त्यामागे मनगटाची वरची बाजू कोपरापर्यंत एका सरळ रेषेत. ओलं कापड पिळताना हात जसा वळतो, तसा तो वळलेला हवा. कोरियन शिक्षक नेमकी धुण्याच्या पिळ्याचीच उपमा देतात.

यात तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, मनगट आत मोडतं. जुनं नाव ‘हुक्बात्गीजुम’, म्हणजे गवंडी एका हातात गारा घ्यायची फळी धरतो तशी मूठ. ती फळी तोलताना मनगट जसं मागे वाकतं तसंच इथे होतं. मग रेटा हाडांतून जात नाही, सांध्यावर अडतो आणि बाण कमजोर निघतो. उपाय म्हणून बाण न लावता अर्धी ओढ घ्या आणि मनगटावर पट्टी ठेवून पाहा. पट्टी हाताच्या पाठीला आणि बाहूला एकाच वेळी टेकली पाहिजे.

दुसरी, खालची तीन बोटं सुटतात. ओढ पूर्ण होता होता लक्ष उजव्या हाताकडे जातं आणि करंगळी ढिली पडते. मुठीचा वरचा भाग खाली झुकतो, बाण आखूड पडतो. नवशिक्याला वाटतं ताकद कमी पडली, आणि तो आणखी जड धनुष्य शोधतो. काही जण या तीन बोटांवर ‘सामजीकुन’ नावाची दोरीची कडी घालतात. तिने बोटांना पकड मिळते, पण करंगळीचं लक्ष तुम्हालाच ठेवावं लागतं.

तिसरी, कोपर उलटं राहतं. डाव्या कोपराचा खळगा आकाशाकडे असेल तर त्या हाताला ‘बुंगॉजुक’ म्हणतात आणि दोरी बाहूवर सपकन बसते. हात पुढे ताणून, तळवा न हलवता फक्त कोपर फिरवायचा सराव करा: खळगा उजव्या बाजूला पाहायला लागला की झालं. निळी पडलेली बाहू झाकायला जाड पट्टा घालणाऱ्यांची चूक तशीच राहते, फक्त दुखत नाही.

ओढणं आणि सोडणं

धनुष्य वर उचलताना डोक्यावर पाण्याचा हंडा ठेवतो तसे दोन्ही हात उंच न्यायचे, मग धनुष्य उघडत उघडत खाली यायचं. सरळ छातीसमोर ओढलं तर ताण दंडावर येतो. उजवं कोपर उंच ठेवून पाठीने ओढा. पूर्ण ओढ म्हणजे ‘मानजाक’. तेव्हा उजवा हात कानाच्या मागे, खांद्यावर येतो आणि बाणाची काठी ओठांच्या कोपऱ्याच्या आसपास राहते. ऑलिंपिकसारखं हनुवटीला टेकवून थांबू नका.

इथून पुढच्या दोन-तीन सेकंदांत सगळं ठरतं. हात थांबला की दमलेलं शरीर नकळत सैल पडतं, आणि बाणाचं टोक सोडायच्या आधीच बोटभर पुढे सरकतं. हे ‘त्वेचोक’. बाण आखूड पडतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. शेजाऱ्याला टोकाकडे पाहायला सांगा, किंवा मोबाइल शेजारी ठेवून चित्रण करा. उपाय हा की मानजाकला थांबायचंच नाही. डावा हात पुढे आणि उजवा मागे, रेटा सुटेपर्यंत चालूच ठेवायचा. जुनं वचन आहे, पुढचा हात ताईशान पर्वत ढकलावा तसा, मागचा सुटावा वाघाच्या शेपटीसारखा.

मागचा हात जोराने न जाता नुसता दोरी टाकून जागीच राहिला, तर त्याला ‘बोंगद्वी’ म्हणतात. आणि शिक्षक ओरडतो म्हणून बाण गेल्यावर हात मागे उडवून दाखवला, तर ती ‘दुबॉलद्वी’, दोन हप्त्यांत दिलेली सुटका. चांगल्या सुटक्यांच्या चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांत ही दुसरी चूक भरपूर दिसते: हात अगदी छान मागे जातो, फक्त बाण तोवर वीस मीटर पुढे असतो.

बाण पडला कुठे, तपासायचं काय (उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठी)

उजवीकडे: पिळाशिवाय धरलेली मूठ, आत मोडलेलं मनगट, किंवा धनुष्याच्या मानाने फार ताठ बाण.

डावीकडे: सोडताना डावा हात बाहेर झटकला, किंवा उजवा हात सरळ मागे न जाता चेहऱ्यापासून बाजूला उडाला.

आखूड: त्वेचोक, सुटलेली करंगळी, नाहीतर थकवा. फेरीतले शेवटचे दोनच आखूड पडत असतील तर तो थकवाच असतो. त्या दिवशी थांबा. सुरुवातीला तीन फेऱ्या, म्हणजे पंधरा बाण, पुष्कळ झाले.

पलीकडे: सोडताना डावा हात वर उचलला, बहुधा बाण कुठे जातो ते पाहायला.

दोरी गालाला किंवा कानाला लागत असेल तर हनुवटी वर झाली आहे. ती डाव्या खांद्याकडे आणा. झुमके काढा, केस बांधा.

वारा तपासायचा तो बाण लावण्याआधी, फळीजवळच्या निशाणावरून. तुमच्या गालाला लागणारा वारा फळीपाशीही तसाच असेल असं नाही.

रांगेतल्या चुका

दिवसाचा पहिला बाण सोडण्याआधी ‘ह्वाल बेउम्निदा’, म्हणजे ‘धनुष्य शिकतो आहे’, असं म्हणायचं. बाकीचे ‘मानी माचुसेयो’, म्हणजे ‘भरपूर लागोत’, असं उत्तर देतात. वीस वर्षांचा जाणकारही हेच म्हणतो. मग बोलणं बंद. एकेक जण पाळीने एकेक बाण सोडतो. आपले पाच संपले म्हणून मागे फिरायचं नाही, सगळे एकत्रच मागे येतात. बाण वेचायलाही सगळ्यांनी मिळून, इशारा झाल्यावरच जायचं. दुसऱ्याचं धनुष्य विनापरवानगी ओढायचं नाही. यात शिष्टाचार आहेच, पण तुमची ओढ मालकापेक्षा लांब असेल तर ते मोडूही शकतं. आणि बाणाशिवाय रिकामी दोरी कधीच सोडायची नाही. ओढलेलं हळूच परत आणा.

धनुष्य आणि बाण सांभाळताना

दोरी चढवल्यावर धनुष्य टोकाकडून डोळ्यासमोर धरून पाहा. दोरी धनुष्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांच्या मधोमध आणि टोकांजवळच्या छोट्या गादीवर बसलेली हवी. बाजूला सरकलेली असेल तर ते ओढताना उलटतं आणि तोंडावर येतं. बाणाची खाच दोरीवर रोज त्याच जागी लागावी म्हणून तिथे रंगीत धाग्याची खूण बांधा. खाच खाली लागली तर पीस अंगठ्याच्या मुळाला सोलून जातं.

गाकगुंग घेतलंच, तर ते दमटपणाला भितं. जूनअखेर ते जुलै कोरियात पावसाळा असतो, तेव्हा सरस मऊ पडून धनुष्य ढिलं होतं. म्हणून ते ३० ते ३५ अंशांच्या कोरड्या, कोमट पेटीत ठेवतात. कोकणासारख्या हवेत ते भिंतीवर टांगून ठेवण्यात अर्थ नाही. आधुनिक धनुष्याचा शत्रू निराळा: उन्हात उभ्या गाडीत ठेवलं की थर सुटतात.

फळीवर रबर असतं, त्यामुळे बाण रुतत नाही, उसळून खडीवर पडतो. कार्बनच्या काठीला टोकाजवळ आणि खाचेजवळ बारीक तडे जातात. प्रत्येक फेरीनंतर बाण कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलकेच वाकवा. करकर ऐकू आली तर तो बाण तिथल्या तिथे मोडून टाका, म्हणजे घाईत कोणी उचलून लावणार नाही.